चुलीवर ठेवलेला हात

आमच्या विचुंब्याच्या घरात गॅस आला तरी मागच्या पडवीतली चूल काही हलली नाही. गॅस पुढच्या नव्या ओट्यावर, फुलाफुलांचं प्लास्टिक पांघरून बसलेला असायचा. पाहुण्यांचा चहा, क्वचित पोहे, एवढ्यापुरताच त्याचा मान. बाकी सगळं घर चुलीवर जगायचं. तांदळाच्या भाकऱ्या तिथं, वालाचं बिरडं तिथं, आंघोळीचं पाणी तिथं. पहाटे कुणीतरी लाकडं एकमेकांवर आपटायचं, मग फुंकणीचा आवाज यायचा, मग मोठ्या आयचा खोकला, आणि त्यानंतर भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की मी डोळे उघडायचे. मोठी आय म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. घरात बोलायचे सगळेच, पण ऐकलं जायचं तिचं. चूलही तिचीच. कुणी जास्त लाकडं घातली, कुणी तवा न घासता टांगला, हे ती पडवीत पाऊल टाकताच ओळखायची आणि नाव न घेता बोलायची, म्हणजे ज्याचं त्याला बरोबर लागायचं.

त्या चुलीनं मागची भिंत इतकी काळी केली होती की तिचा मूळ रंग कोणता, हे माझ्या आयलाही सांगता यायचं नाही. वर वाशांना काजळीची जळमटं लोंबायची, बोटाएवढी जाड, वारा आला की डुलायची. पावसाळ्यात एखादं कौल झिरपलं की तिथून काळं पाणी चुलीच्या कडेला ठिबकायचं. ही काजळी काढणं माझं काम. का, तेही सांगते. बारावीला मला बरे मार्क पडले तेव्हा घरातली मोठी माणसं ओटीवर बसली होती. आमच्या घरात जन्मलेलं कुणी, पुरुषांसकट, कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, त्यांनी मोठ्या आयकडं बघितलं. ती म्हणाली, जाऊ द्या पोरीला, पन घरचं काम सुटाचं नाय, चूल तिची. म्हणजे राख काढणं, सारवणं आणि काजळी खरवडणं. ज्या दिवशी चूल चुकेल त्या दिवशी कॉलेज बंद. हे तिनं हसत म्हटलं, पण मोठी आय हसत म्हटलेलं कधी विसरायची नाही. पनवेलच्या कॉलेजात मी बीएससी करत होते ती या बोलीवर.

वहिनी म्हणजे मोठ्या आयची सून, कामोठ्याची. कामोठं गाव आमच्यासारखंच, पण त्याला खेटून सेक्टर उभे राहिले होते, दर चार दुकानांमागं एक क्लास होता, आणि वहिनी त्या क्लासांत शिकून कॉलेजची दोन वर्षं करून मग लग्न होऊन आली होती. सून शिकलेली असली तर ते कुणी मोजत नाही. घरातली पहिली कॉलेजवाली म्हणून माझंच कौतुक व्हायचं, आणि वहिनी त्यात काही बोलायची नाही. एकदा मात्र मी दादासमोर, म्हणजे तिच्या नवऱ्यासमोर, माझं प्रॅक्टिकलचं जर्नल मोठ्यानं वाचत होते आणि भाजी चिरता चिरता वहिनीनं माझा एक इंग्रजी शब्द दुरुस्त केला. अगदी सहज, वर न बघता. दादा हसला. मी हसले नाही. इतक्या लहान गोष्टीचा एवढा काटा मनात राहतो, हे आता केस पांढरे व्हायला लागल्यावर लिहिताना मला माझीच लाज वाटते, पण होता तो काटा.

दादा-वहिनीला दोन मुलं. सोनी चार वर्षांची, आणि बाळ नऊ महिन्यांचा, नुकताच रांगायला लागलेला. लहान मुलं असलेल्या घरात काजळी म्हणजे किती वैताग, हे ज्यांनी चूल बघितली नाही त्यांना कळायचं नाही. ती नुसती हातानं जात नाही, पाण्यानं पसरते, साबणानं राखाडी होते आणि तशीच राहते. सोनीला शोध लागला होता की चुलीमागच्या भिंतीला बोट लावलं तर त्या बोटानं पुढच्या पांढऱ्या भिंतीवर चित्र निघतं. बाळ जे हाताला लागेल ते तोंडात घालायचा. मोठ्या आयला मात्र काजळीचं कौतुक. चुलीवरून बोट फिरवून ती दोघांच्या गालावर तीट लावायची, नि वहिनी ते पदरानं पुसायची. मोठी आय पुन्हा लावायची. यावरून कधी भांडण झालं नाही. फक्त एक लावायची, दुसरी पुसायची, आणि दोघी एकमेकींकडं बघायच्या नाहीत.

मोठ्या आयचं माहेर तलासरीकडचं, गुजरातची हद्द तिथून हाकेवर. तिथून तिनं एक रीत आणली होती, जी आमच्या आळीत दुसऱ्या कुणाकडं नव्हती. श्रावणातल्या सप्तमीला तिची शितलाय यायची. शितलाय म्हणजे शीतळादेवी, अंगावर फोड येतात ते तिचेच. अंगात आग असलेली ही देवी त्या दिवशी घराघरांतून गारवा शोधत फिरते आणि थंड चुलीत येऊन लोळते. चूल गार मिळाली तर त्या घरच्या लेकरांना वर्षभर सांभाळते. गरम मिळाली तर तिला चटका बसतो, आणि मग तो चटका ती त्या घरातल्या पोरांच्या अंगावर ठेवून जाते. म्हणून षष्ठीला सगळं रांधून ठेवायचं, चूल विझू द्यायची, राख काढून, काजळी खरवडून, शेणमातीनं सारवून, रांगोळी काढून ती रिकामी ठेवायची. सप्तमीला घरभर गार अन्न. गॅससुद्धा पेटवायचा नाही. आयनं एकदा विचारलं होतं की गॅसची काय चूल असते का, तर मोठी आय म्हणाली, आग ती आग, देवीला काय शेगडी कलते काय.

त्या षष्ठीला सकाळपासून पडवीत धूर कोंडलेला. वडे तळले, भाकऱ्यांची चळत झाली, बिरडं झालं, दहीभाताचं मोठं पातेलं झाकून ठेवलं. लाकडं ओली, म्हणून गिरणीतून आणलेलं भाताचं तूस आम्ही पावसाळ्यात चुलीच्या पोटात भरायचो, ते धुमसत राहून लाकूड धरून ठेवतं. दुपारी चूल विझली. दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात जर्नल द्यायचं होतं आणि त्यातली चार पानं कोरी होती, त्यामुळे माझं निम्मं डोकं तिकडंच. पाण्याची भांडी झाकली, नाकाला फडकं बांधलं, वहिनीला म्हटलं पोरांना पुढं ठेव, आणि जुन्या कोयत्यानं वरून खाली खरवडायला लागले. आधी वाशांची जळमटं, मग भिंत, मग चुलीचं तोंड. काजळीचे पापुद्रे सुटून खाली पेपरवर पडत होते, त्यांचा एक वास असतो, जुन्या पावसाचा आणि करपलेल्या दुधाचा मिळून. नंतर नारळाच्या सोडणानं सगळं घासलं. तेवढ्यात सोनी दोनदा आत आली. दुसऱ्यांदा तिनं पेपरवरच्या ढिगात हात घातला, मी ओरडले, ती पळाली आणि थेट जाऊन वहिनीच्या गाऊनला मागून बिलगली. बाळ शिंकायला लागला. वहिनी दोघांना घेऊन अंगणात गेली, आणि मी घाईघाईनं राख काढली, सारवलं, हात धुतले आणि जर्नल घेऊन बसले. संध्याकाळी मोठ्या आयनं चुलीच्या आत रांगोळीचं स्वस्तिक काढलं, वर हळदकुंकू वाहिलं. काम कसं झालं, ते ती बोलली नाही. म्हणजे चांगलं झालं.

सप्तमीला सकाळी ती आंघोळ करून दहीभाताचा नैवेद्य घेऊन पडवीत गेली. मी बाहेर वेणी घालत होते. तिनं चुलीपुढं बसून, नमस्कारासाठी टेकवावा तसा तळहात आत सारवणावर टेकवला, आणि तो हात तिथंच राहिला. मग तिनं मला हाक मारली आणि म्हणाली, हात ठेव. मी ठेवला. ताप आलेल्या माणसाचं कपाळ लागतं, तशी चूल लागली.

"कोनी पेटवली?" मोठ्या आयनं विचारलं. आवाज अगदी हळू.

मी इकडंतिकडं बघितलं. मोरीवर एक लहान पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं, त्यातून पाणी निथळत होतं. काडेपेटी फळीवर, रोज असते तिथं नव्हती, जरा पुढं होती. तेवढ्यात बाळाला कडेवर घेऊन वहिनी दारात आली आणि कपडे घ्यायला वळली, तर तिच्या गाऊनच्या मागं काजळीची पाच बोटं. ती बोटं कुणाची, केवढी, हे मला आदल्या दिवशीपासून माहीत होतं. तरी त्या क्षणी ती मला नुसती काजळी दिसली, चुलीजवळ वाकलेल्या माणसाच्या कपड्यावरची. मी म्हटलं, "वहिनीला विचार. बाळाला दूध लागतं ना."

हे वाक्य मी साध्या आवाजात म्हटलं, भाजी झाली का विचारावं तसं. वहिनी म्हणाली की बाळाला ती अंगावरच पाजते, दूध कशाला तापवेल, आणि पातेल्यात तिनं पहाटे सोनीला दहीभात कालवून दिला. मोठ्या आयनं काडेपेटी उचलून कमरेला खोचली.

दुपारी सोनी कणकणली. तिन्हीसांजेपर्यंत तिच्या पोटावर पाण्यानं भरलेले बारीक फोड आले. बालवाडीतल्या तीन पोरांना आठवड्यापासून कांजिण्या होत्या, हे सगळ्या आळीला माहीत होतं. दादानं तिला नवीन पनवेलला डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी लावायला औषध दिलं, आपोआप बऱ्या होतील म्हणाले. आयनं मोठ्या आयला बालवाडीचं सांगून बघितलं. मोठी आय म्हणाली, "त्या पोरांच्या घरची चूल कोनी बघितली?"

मग ठरलं. ठरलं म्हणजे मोठ्या आयनं केलं. सोनीचं अंथरूण मधल्या खोलीत गेलं, दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या, आत फक्त मोठी आय. जिनं देवीला चटका दिला तिनं देवीसमोर, म्हणजे आता सोनीसमोर, यायचं नाही. वहिनी बाळाला घेऊन ओटीवर. लहान बाळाला लागण नको, हे तर कुणीही शहाणा माणूस म्हणेल, त्यामुळे दादालाही वाद घालता येईना. पण बाळाला लांब ठेवणं वेगळं, आणि तापानं फणफणलेल्या चार वर्षांच्या पोरीला तिची आई दारातूनही न दिसू देणं वेगळं. सोनी आतून मम्मी मम्मी करायची. मोठी आय तिला कुरवाळायची, गोष्टी सांगायची, तिचंही नात म्हणून काळीज तुटत असणारच, पण दार उघडायची नाही.

अष्टमीला सकाळी चूल पुन्हा पेटवायची होती, तीही मीच. पहिलं लाकूड आत ठेवलं आणि सारवण पापडासारखं मोडलं. खाली तूस. वरून राखाडी, पण लाकडाच्या टोकानं उकरलं तसं आत लालबुंद, मुंगीच्या वारुळासारखं जिवंत. मी घाईत वरची दोन सुपल्या राख काढली होती आणि धुमसत्या तुसावर सारवून मोकळी झाले होते. कोंडलेलं तूस दोन दोन दिवस विझत नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. मी विज्ञान शिकणारी, मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू. मी भराभर वर लाकडं रचली, पेटवलं, आणि पडवीबाहेर येऊन उभी राहिले. खरं सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात सोनी नव्हती. डोक्यात होतं, चूल चुकली, कॉलेज बंद.

पुढचे तीन दिवस मी जे केलं ते सांगायलाच हे लिहायला घेतलं, आणि तिथंच हात अडतोय. मी वहिनीवर पाळत ठेवली. तूस जळत होतं हे खरं, पण तिनंही वरून पेटवली नसेलच कशावरून, असं मी स्वतःला म्हणत होते. दोन्ही खरं असू शकतं ना. चूल पेटवायला मोठी आय काडेपेटी द्यायची तेव्हा मी आतल्या काड्या मोजल्या, पण आधी किती होत्या ते कुठं माहीत होतं. बाळाच्या बाटलीचा वास घेतला. बाळाला बाटली नव्हतीच, ती सोनीची जुनी, माळ्यावर पडलेली. घरात प्रत्येकजण दुसऱ्याकडं असाच बघायला लागला होता. मोठी आय वहिनीच्या हाताला धुराचा वास येतो का म्हणून तिच्याकडून पाण्याचा तांब्या घेताना थांबायची. आय माझ्याकडं बघायची, कारण तिला माझं तोंड ठाऊक. दादा जेवताना कुणाशी बोलेना. एरवी आमच्या घरात बायका इतक्या बोलायच्या की आळीतली कुत्री कंटाळायची, आता भांडी ठेवल्याचा आवाजसुद्धा हिशेबानं.

वहिनी दुपारी बाळ झोपला की मधल्या दाराला पाठ लावून बसायची. दार लाकडी, जुनं, फळ्यांमध्ये फटी. ती सोनीला म्हणायची, किती फोड आले मोज बरं. आतून सोनी मोजायची, एक, दोन, पाच. वहिनी म्हणायची, दोननंतर काय गं. सोनी म्हणायची, तीन. मग पुन्हा पहिल्यापासून. मोठी आय आत बसून हे ऐकायची आणि अडवायची नाही. मी पलीकडच्या खोलीत वही उघडून बसलेली, आणि माझ्या वहीत काही उतरत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मोरीवर बाळाची दुपटी धूत होती. मी बादली ठेवायला गेले. तिनं मान वर न करता विचारलं, "दर्शना, मला खरं सांग. बाळासाठी मी रात्रीतून चारदा उठते. सकाळी मला त्यातलं काही आठवत नाही. मीच गेले असेन का गं चुलीकडं?"

मी बादलीची कडी सरळ करत राहिले.

"सगळे म्हणतात तर असेनही," ती म्हणाली आणि दुपटं पिळायला लागली.

तोवर मी तिच्याकडून रागाची वाट बघत होते. ती भांडली असती, माझ्यावर उलटली असती, तर मी कदाचित आणखी आठ दिवस गप्प राहिले असते. पण ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली, आणि त्या संशयाला माझं वाक्य पुरलं होतं. मी बादली तिथंच सोडली आणि मधल्या खोलीचं दार वाजवलं.

मोठी आय बाहेर आली, दार मागं लोटून घेतलं. मी सांगितलं. तूस विझलं नव्हतं, मी राख नीट काढली नाही, चूल आपोआप गरम राहिली, कुणी पेटवली नाही. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तिनं सांगितलं ना तुना असं बोलाया?"

मला कानाखाली बसल्यासारखं झालं. मी न बघितलेलं बोलले तेव्हा एका शब्दात खरं मानलं गेलं होतं, आणि आता बघितलेलं बोलत होते तर ते पढवलेलं. मी म्हटलं, मग बघ. मी परत करून दाखवते, तशीच्या तशी, तू बसून बघ, आणि उद्या हात ठेव. ती म्हणाली, देवीची परीक्षा घेतंस काय. मी म्हटलं, देवीची नाही, माझी.

सोनीला आयवर सोपवून ती पाट घेऊन पडवीत बसली. काडेपेटी तिच्या कमरेला. मी चुलीच्या पोटात तूस भरलं, तिच्याकडून काडी मागून घेतली, पेटवलं, त्या दिवसाचं जेवण त्यावर झालं. दुपारी लाकडं ओढून काढली, आग विझू दिली. मग दोन सुपल्या राख काढली, बरोबर दोन, आणि वरून सारवलं. कोयत्यानं तोंडावरची काजळीसुद्धा खरवडली, कारण त्या दिवशी खरवडली होती. मोठ्या आयनं वर स्वतः रांगोळी काढली. बाहेरून तिनं पडवीच्या दाराला कडी घातली आणि रात्रीचं जेवण त्या दिवशी गॅसवर झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कडी काढली. मी, आय आणि बाळाला घेऊन वहिनी मागं उभ्या. ती उकिडवी बसली आणि तळहात सारवणावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बोटानं सारवण टोकरलं, ते मोडलं, आत लाल दिसलं. पण ती त्या लालकडं बघत नव्हती. ती स्वस्तिकाकडं बघत होती, पांढरं, एक रेघ हललेली नाही, वर धुराचा डाग नाही.

"रांगोली जशीच्या तशी हाय," ती म्हणाली. "त्या दिशी पन तशीच व्हती. मी बघितली नाय."

आग पेटवली असती तर रांगोळी राहिलीच नसती, आणि ताज्या सारवणावर काजळी धरली असती. त्या सकाळी आम्ही दोघींनी त्याच रांगोळीवरून हात आत घातला होता. मी नंतर वीस वर्षं शाळेत मुलांना निरीक्षण, अनुमान शिकवलं, फळ्यावर व्याख्या लिहून दिली, आणि प्रत्येक वेळी ते पांढरं स्वस्तिक माझ्या डोळ्यांपुढं आलं.

मोठी आय उठली. वहिनीच्या हातातून तिनं बाळाला घेतलं, माझ्या आयकडं दिलं, आणि मधल्या दाराकडं मान हलवली. वहिनी धावली नाही. चालत गेली, दार ढकललं. आतून नुसतं अंथरूण सरकल्याचं ऐकू आलं.

मग मोठी आय माझ्याकडं वळली. तिचा हिशेब अजून पुरा व्हायचा होता. देवीला चटका बसला हे तिच्या लेखी खरंच होतं, फक्त देणारी बदलली होती. सोनी बरी होऊन तिचं न्हाण होईपर्यंत मी पोरांपासून लांब राहायचं, आणि चुलीला तर इथून पुढं हातच लावायचा नाही. मी विचारलं, कॉलेज?

"जा की," ती म्हणाली. "चुलीच्या कामाची नायस, तर दुसरं करशील काय."

अशी मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. लोक मला विचारतात तेव्हा मी कष्टाचं, जिद्दीचं सांगते, आणि तेही खोटं नाही. हे मात्र कधी सांगितलं नव्हतं.

सोनीच्या फोडांवर खपल्या धरल्या, कडुलिंबाच्या पाण्यानं तिचं न्हाण झालं, डहाळ्या उतरल्या. त्या दुपारी वहिनी माझ्याकडं आली. म्हणाली, तू सांगितलंस ते बरं केलंस. मग म्हणाली, "पण चूल गरम लागली, तेव्हा तुझ्या तोंडात पहिलं माझंच नाव कसं आलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पातेलं, काडेपेटी, गाऊन, सगळं हाताशी होतं. मी म्हटलं, तू दादासमोर माझा शब्द सुधारला होतास म्हणून. तिला आधी आठवेना कुठला शब्द. मग आठवलं. "एवढंच?" ती म्हणाली. मी मान हलवली. ती रागावली नाही, उठून कपडे वाळत घालायला गेली.

पण त्यानंतर बाळाला माझ्याकडं देताना ती एक क्षण माझ्या तोंडाकडं बघायची. फार नाही, डोळा लवेल एवढाच. मोठ्या आयकडं देताना बघायची नाही, आयकडं देताना नाही. आंघोळीला जायचं असलं, भाजीवाली आली, काही असलं, तरी बाळ माझ्या हातात येण्याआधी ती नजर यायची. सोनीनं ते ओळखलं नसेल, दादानं तर नाहीच. मी त्या नजरेची वाट बघायला शिकले. दसरा गेला, दिवाळी गेली, मोठी आय चुलीच्या नव्या सारवणावरून वहिनीला टोमणे मारायला लागली, कारण चूल आता तिच्याकडं होती, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं बोलायला लागलं. नजर तशीच.

थंडीतल्या एका दुपारी मी ओटीवर मांडी घालून जर्नल लिहीत होते. दारात सिलेंडरवाला आला, वहिनी आतून लगबगीनं आली, बाळाला माझ्या मांडीवर, थेट उघड्या पानावर बसवलं, आणि त्या माणसाशी सिलेंडरच्या सीलवरून वाद घालत बाहेर गेली. माझ्याकडं तिनं बघितलंच नाही. बाळ पानावर थापा मारायला लागला, ओली शाई त्याच्या तळव्याला लागली. मी पेन त्याच्या डोळ्यांपासून लांब, हात ताणून वर धरला, आणि ती परत येईपर्यंत जागची हलले नाही.